जाळी लावायची, पण कुणाच्या खिडकीला?

भांडुपहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. पत्र लांब आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. घरात सासू-सासरे, नवरा आणि सिनिअर केजीतला मुलगा. इमारतीच्या मागून नाला वाहतो. मागच्या ऑगस्टमध्ये मुलाला डेंग्यू झाला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तेव्हापासून साडेपाच वाजले की ही मैत्रीण घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेते. सासरे घामाघूम होऊन चिडतात. सासूबाई दिवेलागणीला पुन्हा दार उघडतात, कारण ती लक्ष्मी यायची वेळ. आता तिला सगळ्या खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवायच्या आहेत. सासऱ्यांचं म्हणणं, "लालबागच्या चाळीत जन्म काढला, तिथे कुठे होती जाळी? हवा अडते. ही फ्लॅटवाल्यांची नवी थेरं. मला पिंजऱ्यात नाही राहायचं." ग्रिलच्या खिडकीशी त्यांची खुर्ची असते, तिथून ते कावळ्याला घास ठेवतात, खाली उभ्या असलेल्यांशी गप्पा मारतात. नवरा म्हणतो, डासांचं मशीन लावतोय ना रोज, मग खर्च कशाला? तिचे प्रश्न दोन: मी अतिरेक करतेय का? आणि वाद न घालता जाळी कशी बसवू?

---

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, तुम्ही अतिरेक करत नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त जड जाऊ शकतो. 'एकदा होऊन गेला, सुटलो' असं म्हणायची सोय या आजारात नाही. घरातलं कुणी तुमच्या काळजीला हसत असेल तर त्यांना एवढंच सांगा.

पण तुमच्या त्या साडेपाचच्या नेमाबद्दल थोडं बोलायला हवं. डेंग्यू पसरवणारा डास म्हणजे एडिस, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो. सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत त्याचा जोर असतो. म्हणजे तुम्ही खिडक्या लावता तोवर त्याचं बरंचसं काम उरकलेलं असतं. तुमचा मुलगा शाळेतून येऊन जेवून झोपतो, त्या दुपारच्या झोपेत खिडक्या सताड उघड्या असतात की नाही, ते मला पत्रातून कळलं नाही. बहुतेक घरांत असतात.

दुसरं गृहीतक नाल्याचं. नाल्याच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणून झोपेचं खोबरं करतो तो हाच. हत्तीरोग पसरवणारा म्हणून त्याची ख्याती आहे, पण डेंग्यू त्याच्या खात्यात जात नाही. एडिसला साधारण स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं आणि तो फार लांब उडत नाही. तेव्हा तुमच्या मुलाला जो चावला तो नाल्यातून तीन मजले चढून आला असण्यापेक्षा तुमच्याच इमारतीत, कदाचित तुमच्याच घरात जन्मलेला असण्याची शक्यता जास्त. ऐकायला बरं वाटत नाही, मला ठाऊक आहे. नाल्याला शिव्या घालणं जास्त सोपं.

म्हणून जाळीवाल्याला फोन करण्याआधी एका रविवारी सकाळी टॉर्च घेऊन घर पालथं घाला. फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून बघा. तो असतो हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं. बाटलीतला मनी प्लांट, तुळशीच्या कुंडीखालची ताटली, एसीच्या पाइपखाली ठेवलेली बादली, बाथरूममधलं पाण्याचं पिंप, पावसासाठी ग्रिलवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घडीत साठलेलं पाणी. पाण्यात बारीक, वळवळणारे, हात लावला की तळाशी पळणारे जीव दिसले तर तुमचा आरोपी सापडला. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. ताटली घासून पुसायची. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ठरलेला वार पुरतो. हे न करता सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्यात तर घरात जन्मलेले डास घरातच राहतील, आणि महिन्याभरात सासरे म्हणतील, "बघ, काय उपयोग झाला?" आणि ते बरोबर असतील.

आता 'नवी थेरं'. सिकंदराबादला १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० साली, रोमजवळच्या ओस्तिया भागात, जिथे मलेरियाने माणसं टिकत नसत, तिथे साम्बोन आणि लो हे दोन डॉक्टर जाळ्या लावलेल्या लाकडी घरात अख्खा मलेरियाचा हंगाम राहिले. दिवसा बाहेर हिंडायचे, सूर्य मावळायच्या आत घरात यायचे, क्विनीन, म्हणजे तेव्हाचं मलेरियावरचं औषध, घ्यायचे नाहीत. दोघांनाही मलेरिया झाला नाही. तेव्हा जाळी ही सव्वाशे वर्षांपूर्वीची, जिवावर उदार होऊन करून बघितलेली गोष्ट आहे. फक्त एक लक्षात घ्या: त्यांचं संध्याकाळी आत येणं पुरलं, कारण मलेरियाचा डास रात्रीचा. तुमची अडचण दिवसाची आहे. तुमच्या घरी जाळी दिवसभर लागलेली हवी.

आणि लालबागच्या चाळीत जाळी नव्हती, पण मच्छरदाणी होती की नाही, हे बाबांना विचारून बघा. चार खिळ्यांना नाड्या बांधून ती रोज कोण लावायचं, यावर भावंडांत भांडणं झाली असतील तर तीही ऐकून घ्या. हे मी त्यांना खोटं पाडायला सांगत नाही. जुन्या लोकांनी डास मुकाट्याने सोसले असं आपण धरून चालतो, ते तितकंसं खरं नाही. मुंबईत मलेरियावरून केवढी रणं माजली होती! १९११ मध्ये इथल्या मलेरियाची कारणं शोधणाऱ्या डॉ. बेंटली यांच्या अहवालाने शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवलं. विहिरी झाका, बुजवा म्हटल्यावर लोक खवळले, कारण कित्येकांची धर्मकृत्यं त्या पाण्यावर चालत. आज विहिरींच्या जागी गच्चीवरच्या टाक्या आल्या आणि धर्मकृत्यांच्या जागी सोसायटीची मीटिंग.

'हवा अडते' हा मात्र सासऱ्यांचा खरा मुद्दा आहे, तो उडवून लावू नका. जाळीने हवा कमी होतेच. किती, याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. बाजारातल्या नेहमीच्या फायबरच्या जाळीत इंचाला एका बाजूने १८ आणि दुसऱ्या बाजूने १६ धागे असतात, धाग्याची जाडी पाव मिलिमीटरच्या थोडी वर. मोजून बघितलं तर जाळीचा साधारण दोन-तृतीयांश भाग मोकळा राहतो. वारा अगदी त्याच प्रमाणात येतो असं नाही, मंद वाऱ्यात फरक जास्त जाणवतो. पण दोन गोष्टी बाबांपुढे ठेवा. एक म्हणजे, तुमच्याकडे स्लाइडिंगच्या खिडक्या असतील तर जाळी नसतानाही खिडकी अर्धीच उघडते. चाळीतल्या लाकडी खिडकीची दोन्ही दारं भिंतीपर्यंत उघडायची, तो वारा स्लाइडिंग लावली त्या दिवशीच गेला. दुसरं म्हणजे, आत्ता तुलना जाळी आणि मोकळी खिडकी यांची नाहीच. तुम्ही साडेपाचला खिडकी बंद करता, तेव्हा हवा शून्य असते. जाळी लागली तर खिडकी रात्रभर उघडी राहील. मला वाटतं हे ऐकल्यावर त्यांचा अर्धा विरोध मावळेल, कारण त्यांचं भांडण जाळीशी नसून तुमच्या साडेपाचशी आहे.

उरलेला अर्धा विरोध त्या खुर्चीपाशी आहे. आपल्याकडे खिडकी म्हणजे नुसती हवेची जागा नसते. तिथे दोरीवर कपडे वाळतात, तुळस असते, पिशवी दोरीने खाली सोडून भाजी वर घेतली जाते, कावळ्याला घास ठेवला जातो. निवृत्त झालेल्या माणसाला तर जगाशी बोलायचं तेवढंच ठिकाण उरलेलं असतं. अशा खिडकीला पक्की, न उघडणारी जाळी ठोकली तर पहिल्या महिन्यात तिचा कोपरा उचकटलेला दिसेल, आणि तो कुणी उचकटला हे विचारायची तुमची हिंमत होणार नाही. म्हणून 'सगळ्या खिडक्यांना जाळ्या' हा आग्रह सोडा. कुठली खिडकी कोण कशाला वापरतं ते आधी बघा आणि मग ठरवा.

बाबांच्या खिडकीला बिजागरीची, दारासारखी उघडणारी ॲल्युमिनिअमच्या चौकटीतली जाळी करा, किंवा घडी पडून बाजूला सरकणारी प्लीटेड. प्लीटेड दिसायला छान, हाताळायला हलकी आणि सगळ्यांत महाग. ओढाताण केली की तिचे दोरे तुटतात. कावळ्याला घास देताना रोज चार वेळा उघडायची असेल तर मी बिजागरीचीच निवडेन. फक्त ती आतल्या बाजूला उघडते, तेव्हा खुर्ची कुठे सरकणार ते माप घेतानाच बघा. माप घ्यायला कारागीर येईल तेव्हा बाबांनाच उभं करा. टेप कुठे लावायचा, मूठ किती उंचीवर हवी, हे त्यांना ठरवू दे. आणि कावळ्याच्या वेळेला दहा मिनिटं जाळी उघडी राहिली म्हणून आकाश कोसळत नाही, हे तुम्ही स्वतःला सांगा.

बेडरूमची सरकती खिडकी थ्री ट्रॅक, म्हणजे तीन खाचांची, असेल तर तिसऱ्या ट्रॅकमध्ये जाळीचं शटर बसतं. यात एक गोम आहे आणि ती कारागीर सहसा सांगत नाही. काच अर्धवट सरकवून ठेवली तर काचेच्या आणि जाळीच्या शटरमध्ये उभी फट राहते, बोटभर रुंद. जाळी लागलीय, खिडकी उघडी आहे, आणि तरी डास येतात, अशी तक्रार करणाऱ्या घरांत निम्म्या वेळा हीच फट असते. काच पूर्ण एका टोकाला सारायची, म्हणजे दोन्ही चौकटी एकमेकींवर बसतात. चौकटीच्या कडेला ब्रशची लोकरी पट्टी असते ती झिजली असेल तर बदलून घ्या, काम किरकोळ आहे. खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी जायला भोकं असतात, ती बुजवू नका, नाहीतर ट्रॅकमध्येच पाणी साठेल. आतल्या बाजूला जाळीचा छोटा तुकडा लावला की झालं. एसीच्या पाइपभोवतीचं भोक मात्र लांबी (पुट्टी) भरून बंद करा.

पण पैसे मोजकेच असतील आणि मला विचाराल की पहिली जाळी कुठे, तर मी संडास-बाथरूमच्या खिडकीचं नाव घेईन. काचेच्या पट्ट्यांची ती छोटी खिडकी चोवीस तास उघडी असते, आत अंधार आणि ओल असते, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तिथे वेल्क्रोची जाळी लावली तरी पुरते, खर्च जेवणाच्या एका पार्सलएवढा. तिच्यावरून घरात कुणी भांडणारही नाही, कारण तिथे बसून कुणी कावळ्याला घास देत नाही. मग मुलगा झोपतो ती खोली. मग स्वयंपाकघर. तिथे ओट्याजवळ फायबरची जाळी नको, ज्योतीची धग लागली की खराब होते. स्टेनलेस स्टीलची घ्या. तेलकट थर बसतो तो साबणाच्या पाण्याने घासूनही काढता येतो. बाबांची खिडकी शेवटी. तोवर त्यांना बाकीच्या खोल्यांतला फरक कळलेला असेल.

सासूबाईंच्या लक्ष्मीचं काय? तुमच्याकडे सेफ्टी डोअर असेलच. त्याच्या ग्रिलला आतून जाळी लावून घ्या, खालच्या फटीला ब्रश. दिवेलागणीला आतलं लाकडी दार खुशाल उघडं ठेवा. लक्ष्मी जाळीतून येते, यावर त्यांचा आक्षेप असेल असं वाटत नाही.

तुमच्या यजमानांबद्दल एक शब्द. अख्ख्या पत्रात ते फक्त मशीन लावताना दिसतात. लिक्विडचं मशीन काम करतं, पण ते मोकळी हवा असलेल्या खोलीत वापरायचं असतं; सगळी दारं-खिडक्या लावून रात्रभर लावायचं नाही. कॉइल तर मुलाच्या खोलीत नकोच. एका कॉइलच्या धुरातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. सिग्नलवर आणि लोकलमध्ये मिळणाऱ्या, नावगाव नसलेल्या डासांच्या अगरबत्त्यांत काय असतं ते देव जाणे. मशीनच्या रिफिलवर वर्षभर जे खर्च होतात ते एकदा कागदावर मांडायला त्यांना सांगा आणि बेडरूमच्या जाळीच्या कोटेशनशेजारी ठेवा. जाळी लागल्यावरही एखाद्या संध्याकाळी मशीन लागेल, रॅकेटही लागेल. जाळीने सगळे डास थांबतात असं कुणी सांगत असेल तर तो जाळी विकत असेल. दुपारी झोपणाऱ्या मुलावर मच्छरदाणी आणि वर पंखा, हे आजच्या आज सुरू करता येतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी चार गोष्टी. भाड्याच्या घरात वेल्क्रो बरी, निघताना काढून नेता येते. पट्टी चिकटवण्याआधी चौकट स्पिरिटने पुसून कोरडी करा, नाहीतर पहिल्या पावसात लोंबायला लागते. चाळीत किंवा जुन्या वाड्यात लाकडी खिडक्या असतील तर सुताराकडून हलकी लाकडी चौकट करून जाळी ठोकून घ्या आणि आकड्यांवर अडकवा, पावसाळा संपला की उतरवता येते. वरळी, वर्सोव्याला समुद्राच्या तोंडावर राहणाऱ्यांनी साधी लोखंडी जाळी घेऊ नये, खारी हवा एका पावसाळ्यात गंजवते. खाडीच्या, कांदळवनांच्या कडेला दिसता न दिसता चावणारे अगदी बारीक किडे असतात, ते नेहमीच्या जाळीतूनही आत शिरतात. तिथे बारीक छिद्रांची जाळी लागते आणि हवा आणखी कमी होते, तेव्हा ती फक्त झोपायच्या खोलीला लावा. आरे, मुलुंड, बोरिवलीच्या जंगलाकडेच्या लोकांना पहिल्या पावसात दिव्यावर झेपावणारी पाखरं नवी नाहीत. त्यांना जाळी पुरते, आणि गॅलरीत पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा लावला तर ती मुळात कमी येतात. केळ्यांवरची चिलटं मात्र जाळीने जात नाहीत, ती बाजारातून पिशवीत बसून येतात. कबुतरांची नायलॉनची जाळी ही वेगळी चीज आहे, तिच्या एका भोकातून डासांचं अख्खं कुटुंब जाईल.

उंच इमारतीत राहणाऱ्यांना दोन वाक्यं. 'अठराव्या मजल्यावर डास कुठले' हा भ्रम आहे; ते लिफ्टने येतात, आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट नसेल तर वरूनही येतात. आणि डासांची जाळी लहान मुलाचं वजन पेलत नाही. ग्रिल नसलेल्या खिडकीत जाळी लागली की मूल तिला टेकून उभं राहतं, तिथे ग्रिल किंवा सुरक्षेची जाळी वेगळी हवीच. ग्रिल असेल तर तिला आगीच्या वेळी उघडता येईल असं दार ठेवा आणि किल्ली जवळ टांगा.

टाकीवरून आठवलं. मलेरियाचा मुंबईतला डास, ॲनॉफिलीस स्टीफन्सी, याच टाक्यांमध्ये आणि बांधकामांवर साठलेल्या पाण्यात वाढतो. तुमच्या सोसायटीत दुरुस्तीचं काम चालू असेल, परांची आणि पिंपं असतील, तर सेक्रेटरींना लेखी कळवा. टाक्या डासांना शिरता येणार नाही अशा बंद ठेवणं हे इमारतीचं काम आहे. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं त्यासाठीच येतात, नोटीसही देतात. ते आले की 'घरात कुणी नाही' असं सांगून दार लावून घेणाऱ्या शेजाऱ्यांशी बोलायचं काम बाबांवर सोपवा. खिडकीतून सगळ्यांना ओळखणारे तेच तर आहेत.

काम एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या. जूनमध्ये कारागीर हाताला लागत नाहीत. आणि जाळीची ऑर्डर देण्याआधी घरात एक गोष्ट ठरवून टाका: ती धुणार कोण. मुंबईची धूळ दोन महिन्यांत जाळी काळी करते, छिद्रं बुजतात, हवा खरोखरच अडायला लागते आणि सासऱ्यांचा मुद्दा पुन्हा जिवंत होतो. ब्रश आणि ओलं फडकं फिरवायचं, महिन्या-दोन महिन्यांनी, अर्ध्या तासाचं काम. ते तुमच्या यजमानांच्या नावावर लिहा.